तीन गाड्या, तीन फेज आणि एक घरघंटी

आमच्या घरात पहिली विजेची गाडी आली ती धाकट्या भावाच्या हट्टामुळे, दुसरी आली ती त्याच्या गाडीचा महिन्याचा खर्च पाहून मला सुचलेल्या शहाणपणामुळे, आणि तिसरी आली ती सूनबाईंना बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून. तिन्ही गाड्या पसंत करून पैसे भरायला मिळून तीन दुपारी पुरल्या. त्या घरच्या घरी चार्ज व्हाव्यात यासाठी अंगणातल्या भिंतीवर तीन पेट्या बसवायला मात्र पावणेपाच महिने लागले. या काळात मला जे ज्ञान झाले त्यातले निम्मे विजेविषयी होते आणि निम्मे आमच्याच माणसांविषयी. हे दुसरे निम्मे मिळाले नसते तरी माझे काही अडले नसते.

आमचे मूळ बिऱ्हाड दांडिया बाजारातल्या वाड्यातले. १९७८ साली आजोबांनी कारेलीबागेत टेनामेंट बांधले. बडोद्यात टेनामेंट म्हणजे पुढे-मागे अंगण असलेले स्वतःचे बसके घर, पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून आम्ही चाळीत राहतो असे वाटते आणि ते येताना मिठाई जास्त आणतात. त्यामुळे आम्हीही कधी खुलासा करत नाही. या घराला वाड्याची एकच गोष्ट वारशाने मिळाली होती, ती म्हणजे रांग. वाड्यात एका नळावर सात बिऱ्हाडे पाणी भरत. इथे धुण्याच्या यंत्राच्या १५ अँपिअरच्या एकुलत्या सॉकेटवर तीन गाड्या लागल्या. खिडकीतून तार बाहेर काढायची, आळीपाळीने गाडी लावायची, आणि सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, ‘रात्री माझी गाडी कोणी काढली?’ हा प्रश्न विचारायचा. सूनबाई रात्री दोनचा गजर लावून प्लग बदलायला उठत. धाकटा झोपेत असल्याचे सोंग करी. त्याची गाडी हालोलच्या कारखान्यात बनलेली, दोन दारांची, जेमतेम १७ युनिटांच्या बॅटरीची. पण रांगेतला तिचा रुबाब मोठ्या गाडीलाही लाजवील असा होता.

शेवटी वायरमनला बोलावले. त्याने मीटर पाहिले, बिल पाहिले, आणि आमचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी घेता येणारी वीज, अवघा ३ किलोवॅट असल्याचे असे काही दुःखी चेहऱ्याने सांगितले, की जणू घरात कोणाला तरी मोठे दुखणे निघाले आहे. ‘एक चार्जर सात किलोवॅटनो. त्रण एटले एकवीस. साहेब, आखी सोसायटीनुं ट्रान्सफॉर्मर बेसी जशे!’ एवढे बोलून तो थांबला, आणि मग आमचा धीर सुटू नये म्हणून म्हणाला, ‘पण थई जशे,’ म्हणजे होऊन जाईल. पुढच्या पावणेपाच महिन्यांत हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की आता कोणी ते उच्चारले की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

मी हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्या रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकडेमोड केली. आमची प्रत्येक गाडी दिवसाला फार तर ४० किलोमीटर चालते. एका युनिटवर ती सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे रोज प्रत्येकीला सहा युनिटे आणि तिघींना मिळून अठरा. साधे १५ अँपिअरचे सॉकेट तासाला तीन युनिटे देते. याचा अर्थ, आपल्याला एकवीस किलोवॅट कशालाही नको होते. रात्रीच्या सहा तासांत ते एक सॉकेटच तिन्ही गाड्यांना पुरत होते, अडचण फक्त मध्यरात्री उठण्याची होती. हा शोध मी सकाळी सर्वांसमोर मांडला. कोणालाही आनंद झाला नाही. सात किलोवॅटच्या चार्जरविषयी धाकट्याने मित्रांना आधीच सांगून ठेवले होते, आणि सूनबाईंनी फक्त इतकेच विचारले, ‘बाबा, मग आजपासून दोन वाजता तुम्ही उठणार का?’ त्या दिवशी तीन फेजची, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांनी घरात आणणारी, जोडणी आणि १० किलोवॅट भार, असा तह झाला.

अर्ज भरताना कळले की बिल अजून आजोबांच्या नावाने येते. आजोबा १९९१ साली गेले, पण त्यानंतर एकदाही त्यांनी बिल थकवले नाही, त्यामुळे कोणाला संशय आला नव्हता. मग वारसांच्या संमती आल्या. नागपूरच्या आत्याने सही करण्यापूर्वी तिन्ही गाड्यांपैकी कोणती तिला डाकोरच्या दर्शनाला नेणार, हे लिहून मागितले. या प्रकरणात दोन महिने गेले, आणि त्याविषयी अधिक काही न लिहिणे आमच्या कुटुंबाच्या हिताचे आहे.

जोडणी मिळाली, पहिली पेटी भिंतीवर चढली, गाडी लावली आणि पेटीने लाल डोळा वटारला. अर्थिंग नाही, म्हणजे गळलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाटच नाही! वायरमनने खणून, उकरून, शेवटी न्हाणीघराच्या मागे जाऊन मूळ शोधले. आजोबांच्या काळी घराचे अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळाला बांधले होते. दहा वर्षांपूर्वी आम्ही गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे टाकले, तेव्हापासून आमचे अख्खे घर जमिनीशी संबंध तोडून राहत होते. फ्रीजने, पंख्याने, इस्त्रीने, अगदी खिडकीतून काढलेल्या त्या तारेनेही कधी ब्र काढला नाही. भिंतीवरची पेटी मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय गाडीला घास भरवत नाही. या एका गोष्टीसाठी मी तिचा ऋणी आहे, कारण त्या फ्रीजला आम्ही दहा वर्षे ओल्या हाताने उघडत होतो.

मग जांभळाच्या झाडाखाली खड्डा खणला गेला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि तिच्याभोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, असे भरणे सुरू झाले. आई ओसरीवरून बराच वेळ पाहत होती. ‘काय हो भाई,’ तिने वायरमनला विचारले, ‘मोहरी नाही घालत?’ ओलावा टिकला नाही तर अर्थिंग काम करत नाही, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. हे काम अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःकडे घेतले. तुळशीला पाणी घालून झाले की उरलेला तांब्या ते त्या खड्ड्यात रिकामा करतात. मंत्र म्हणतात की नाही, हे मी मुद्दाम पाहिलेले नाही.

पेट्या किती उंचीवर लावायच्या, हा प्रश्न बडोद्याबाहेर कोणाला पडत नसावा. कागदावर लिहिले होते, हाताला येईल अशा, छातीच्या उंचीवर. अप्पा म्हणाले, ‘आधी रेघ बघा.’ ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून खूप वर गेली, तेव्हा आमच्या अंगणात पाणी कमरेच्या वर होते आणि ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ सोडून गेले. त्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीतली मगर मात्र सांगणाऱ्यागणिक एक फूट वाढत गेली. अप्पांनी रेघ पुसू दिलेली नाही. तिच्यावर दीड हात मोजून त्यांनी कोळशाने खूण केली आणि पेट्या तिथे बसल्या. आता केबल काढताना सूनबाईंना स्टूल लागते. शेजारच्या काकांनी कुंपणावरून हे सर्व शांतपणे पाहिले आणि विचारले, ‘पूर आव्यो तो चार्जर बची जशे. पण गाडी?’ यावर अप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते गच्चीच्या जिन्याची रुंदी मोजताना दिसले.

प्रत्येक पेटीला वेगळी तार, वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारे वेगळे उपकरण बसवले. धाकट्याला शेवटचा खर्च अनाठायी वाटत होता. पावसाळ्यात, ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी केबल कोण लावणार आहे, एवढेच मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘दादा, तूच.’ उपकरण घेतले.

उरली फेजची वाटणी. तीन फेज, तीन पेट्या, प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १४ अँपिअर. मीटरजवळ तारांभोवती चिमट्यासारख्या कड्या बसवल्या आहेत. घरात वीज वापरली जाऊ लागली की त्या पेटीला कळवतात आणि पेटी गाडीचा घास तेवढा लहान करते. पण गाडी ६ अँपिअरच्या खाली काही घेतच नाही. तेवढेही उरले नाहीत तर ती मुकाट्याने थांबते. एका फेजवर गच्ची आणि वरच्या खोल्या होत्या, दुसरीवर बैठकीची खोली, आणि तिसरीवर स्वयंपाकघर, गीझर व आईची घरघंटी. चिठ्ठ्या टाकाव्यात असे मी सुचवले. ‘दादा, तू मोठा,’ असे म्हणून धाकट्याने मोठ्या आदराने तिसरी फेज मला देऊन टाकली.

त्यामुळे आता पहाटे साडेपाचला, बाकीच्या दोन गाड्या भरून निवांत झोपलेल्या असताना, उशिरा परतल्यामुळे माझीच तेवढी अजून भरत असते. मग गीझर लागतो, त्याचे सात अँपिअर. पाठोपाठ घरघंटी सुरू होते, तिचे चार. माझ्या फोनवर गाडीचा निरोप येतो: चार्जिंग थांबले आहे. परवा मी तशाच झोपाळलेल्या डोळ्यांनी स्वयंपाकघरात गेलो. आई बाजरी दळत होती, आणि पिठाचा हात पदराला पुसत तिने फोनच्या पडद्याकडे वाकून पाहिले.

‘काय म्हणतेय?’

‘थांबलीय म्हणते. तुझं दळण होईपर्यंत.’

आईने घरघंटीत आणखी एक शेर बाजरी ओतली. ‘गुणाची आहे हो,’ ती म्हणाली, ‘या घरात कोणीतरी ऐकतं माझं.’