समुद्रगंधी परफ्यूमविषयी आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या जळगावच्या दुकानाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलाला शेजारी बसवून त्यालाही वाचायला दिला. मे महिन्यात आपण सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावासाठी परफ्यूम घ्यायला आलात. भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला आहे असे आपण सांगताच मुलाने समुद्रगंधाची बाटली पुढे केली आणि काउंटरवरच्या तक्त्यातून वाचून दाखवले की हा गंध वापरणारा माणूस मनमोकळा, धाडसी आणि एका जागी न रमणारा असतो. त्यात खरा अंबर आहे, असेही तो म्हणाला. घरी दोन तासांत वास उडाला, उरला तो टरबुजाचा, आणि "समुद्राला असा वास येतच नाही" असे म्हणून भावाने बाटली बाजूला ठेवली. माल डुप्लिकेट आहे, भाऊ तर अबोल आणि घरातच रमणारा आहे, आणि तापीकाठच्या दुकानदाराला समुद्रातले काय कळणार, असे आपण लिहिले आहे.

तक्त्याबद्दलची आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. तो आम्हीच छापून घेतला होता: गुलाब म्हणजे हळवा, वाळा म्हणजे शांत, समुद्र म्हणजे धाडसी. आमच्या मुलीने, ती मानसशास्त्र शिकते, या तक्त्यावर पूर्वीच हरकत घेतली होती आणि मी तिकडे लक्ष दिले नाही, ही माझी चूक. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'हे तुमचे स्वभावचित्र' म्हणून एकच मजकूर वाटला होता, आणि तो आपल्याला किती लागू पडतो यासाठी मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले होते. आमच्या तक्त्यातली वाक्ये त्याच जातीची होती. 'मनमोकळा पण कधी कधी एकांत आवडणारा' हे वर्णन कोणाला नको असते? माणूस कोणता गंध लावतो यावरून त्याला त्या दिवशी काय आवडले एवढेच कळते, त्याचा स्वभाव कळत नाही. त्यातही आपल्या बाबतीत मुलाने स्वभाव भावाच्या नोकरीवरून ठरवला, ही चूक अधिकच मोठी. तक्ता काढला आहे.

अंबराबद्दलची चूक त्याहून गंभीर आहे. खरा अंबर म्हणजे स्पर्म व्हेल या देवमाशापासून मिळणारे अंबरग्रीस; त्याचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तसा अंबर आमच्या दुकानात कधीच नव्हता. या परफ्यूममध्ये आहे ते अ‍ॅम्ब्रॉक्सन. हे अंबरासारख्या वासाचे द्रव्य असून ते बहुधा क्लेरी सेज या वनस्पतीतून मिळणाऱ्या द्रव्यापासून तयार करतात. मुलाने ऐकीव माहिती सांगितली, पण त्याला नीट माहिती देणे माझे काम होते.

मात्र माल डुप्लिकेट आहे हे मला मान्य करता येत नाही, आणि याचे कारण तो टरबुजाचा वासच आहे. १९६६ साली फायझर कंपनीच्या संशोधकांना कॅलोन नावाचे द्रव्य सापडले. सुगंधाच्या धंद्यात त्याला 'वॉटरमेलन कीटोन' असेही म्हणतात, कारण त्याला समुद्रावरच्या वाऱ्याचा, थोडा कालवांचा आणि स्पष्टपणे टरबुजाचा वास येतो. १९९२ चे इस्से मियाकेचे 'लो दिस्से' आणि १९९६ चे अर्मानीचे 'अक्वा दि जिओ' यांच्यासारख्या परफ्यूमनी अशा पाणेरी वासाची जगभर आवड निर्माण केली, आणि आज 'समुद्रगंध' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी बाटल्यांत याच घराण्याची द्रव्ये असतात. तेव्हा आपल्या नाकाने जे टिपले ते अगदी बरोबर आहे, फक्त तो भेसळीचा पुरावा नाही.

आपल्या भावाचे म्हणणेही तितकेच खरे आहे. मिठाला स्वतःचा वास नसतो. ज्याला आपण समुद्राचा वास म्हणतो तो बराचसा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि शेवाळ यांतून सुटणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा असतो, आणि तो बाटलीत जसाच्या तसा भरला तर शिजवलेल्या कोबीची आठवण होईल. जहाजावरच्या माणसाला त्यावर डिझेल, गंज आणि रंगाचा वास. परफ्यूम करणारे समुद्र भरत नाहीत, किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या माणसाला जे वाटते ते भरतात. आमच्याकडे हा गंध मागणारे बहुतेक ग्राहक चोपडा, यावल, रावेर भागातले, केळीच्या बागांत राबणारे असतात, आणि त्यांना तो मनापासून आवडतो. वर्षातले कित्येक महिने पाण्यावर काढून घरी आलेल्या मुलाला तो नकोसा वाटावा, हे आम्हाला एका प्रश्नाने कळले असते, आणि तो प्रश्न आम्ही विचारला नाही.

वास दोन तासांत का उडाला, तेही सांगतो. या परफ्यूममधला पहिला ताजेपणा लिंबूवर्गीय आणि तशाच हलक्या द्रव्यांचा असतो. ती लवकर उडतात आणि कॅलोन मागे रेंगाळते. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की कोरड्या, तापलेल्या कातडीवर हे सगळे फारच भराभर होते, म्हणून लिंबू गेले आणि टरबूज उरले. आपल्याला मात्र तो वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर, कागदाच्या पट्टीवर दाखवला होता. पट्टीला घाम येत नाही, आणि ओल्या वाळ्याच्या वासात कोणताही गंध थंडच वाटतो. त्या जागी गंध दाखवायलाच नको होता.

माझे वडील मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत अत्तराची पेटी घेऊन बसायचे. गिऱ्हाइकाच्या मनगटामागे अत्तराची काडी टेकवायचे, कानात फाया द्यायचे, आणि पैसे हातात घेण्याआधी म्हणायचे, "घोडेबाजारात एक फेरी मारून या, मग बोलू." अर्ध्या तासाने परत येणारा माणूस आपल्या अंगावर उरलेला वास घेऊन यायचा आणि त्यावरूनच सौदा व्हायचा. दुकान झाले, पट्ट्या आल्या, तक्ता आला, आणि ती फेरी आमच्याकडून सुटली. आता ती पुन्हा सुरू केली आहे: सीलबंद बाटली उघडण्याआधी टेस्टर हातावर, मग बाजारात निदान अर्धा तास, मग निर्णय.

उघडलेली बाटली परत न घेण्याचा आमचा नियम आपल्या बाबतीत मी लावणार नाही, कारण चुकीची माहिती देऊन विकलेला माल आमच्याकडेच यायला हवा. बिल नसले तरी चालेल. पूर्ण पैसे मिळतील. भावाची सुट्टी संपली नसेल तर त्यांनाही घेऊन या. कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून मातीचे अत्तर करतात, त्याची एक कुपी काउंटरवर ठेवली आहे. शिंपले भाजून काढलेला 'चोया नख' नावाचा धुरकट, खारट अर्कही आहे; तो मी विकण्यासाठी नव्हे, पण समुद्र रोज पाहणाऱ्या माणसाला तो कसा वाटतो हे ऐकण्यासाठी त्यांच्यासमोर उघडीन. दोन्ही त्यांनी दोन मनगटांवर लावावेत आणि घेण्यासारखे काही वाटले, तरी आधी बाजारातून एक फेरी मारून यावे.

आपला,
दुकानमालक