माझा 'असममित' कुणी खोडला?

काल छापून आलेला लेख उघडला आणि तिसऱ्याच परिच्छेदात डोकं फिरलं. मी लिहिलं होतं, 'गव्हाणी घुबडाचे कान असममित असतात.' छापलंय काय, तर 'गव्हाणी घुबडाच्या कानांचा समतोल बिघडलेला असतो.' बिघडलेला! अहो, त्याच्या डाव्या कानाचं छिद्र उजव्यापेक्षा वर असतं. खालून आलेला आवाज डाव्या कानाला जास्त ऐकू येतो, वरून आलेला उजव्याला. तेवढ्या फरकावर ते मिट्ट काळोखात उंदरावर नेमकी झडप घालतं. ज्याच्या जोरावर त्याचं पोट भरतं, तोच तुम्ही आजार करून टाकलात. आणि खाली नाव माझं.

फोन केला तर म्हणे, 'असममित कोणाला कळतंय? सोपं केलं.' सोपं नाही, चुकीचं केलंत! शाळेत कागद दुमडून सममिती अक्ष शोधला होता ना? कसंही दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या नाहीत, आणि पूर्ण फेऱ्याच्या आत फिरवूनही आकृती जशीच्या तशी बसली नाही, की झालं असममित. यात न कळण्यासारखं काय आहे?

समतोल ही वजनाची गोष्ट. बांधकामावरची उंच क्रेन बघा. एका बाजूला लांबलचक हात, दुसरीकडे आखूड हातावर वजनाचे ठोकळे. दोन बाजूंत काडीचं साम्य नाही, तरी ती तोल सांभाळून उभी असते. 'असमान'ही नको. असमान म्हणायला दोन गोष्टी लागतात, असममित एकटी वस्तूसुद्धा असते. 'विषम' तर गणिताने कधीच घेतलाय, तीन-पाच-सातसाठी. आणि 'बेढब' लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, उजव्या फुफ्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. आपण सगळे आतून बेढब का?

मागच्या वर्षी दुसऱ्याच एका ठिकाणी एक 'म' उडवून 'असमित' छापलं होतं. दोन 'म' शेजारी दिसले की टंकनदोषच वाटतो यांना. 'सम' आणि 'मित' जोडले की दोन येणारच! त्याआधी एकाने समांतरभुज चौकोनाला बेधडक असममित ठरवलं. आरशातली सममिती त्यात सहसा नसते, कबूल. पण अर्धा फेरा फिरवा, जसाच्या तसा बसतो. तीही सममितीच. तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं माझं.

या वेळी नाही बसणार. एक अचूक, घडीव, मराठी विशेषण आपल्याकडे आहे आणि ते खोडायला एक क्षणही लागत नाही, याने जीव जळतो. दुरुस्ती छापा. माझं वाक्य होतं तसं, दोन्ही 'म'सकट.