शिवडीत 'सी-व्ह्यू' घेताय? मग एवढं पाळा

गेल्या रविवारी भाच्याबरोबर शिवडीला एका टॉवरचा सँपल फ्लॅट बघून आलो. तिथे शिकलेलं तुमच्याही उपयोगी पडेल.

शिवडीला शिवडी म्हणायचं नाही. मी म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलीने हसून दुरुस्त केलं, "साउथ मुंबई, सर."

खाडीला समुद्र म्हणायचं.

बाल्कनीत उभं राहायचं ते भरतीची वेळ बघून. ओहोटीला काय वास येतो ते ब्रोशरवरच्या फ्लेमिंगोंना विचारा. ते बिचारे त्या चिखलासाठीच येतात.

टीबी हॉस्पिटल कुठल्या बाजूला, हे विचारू नका.

आधी इथे काय होतं, हेही नको. लॉबीत जुन्या कापड गिरणीतला एक साचा, म्हणजे माग, ठेवलाय, काचेच्या पेटीजवळ, पितळी पाटीसकट. आडवा धागा नेणारा धोटा उलटा बसवलेला. सरळ करायला हात घातला, तर सिक्युरिटीवाला धावला, "टच मत करो अंकल." माझ्या वडिलांनी असले दोन साचे सांभाळले, १९८२ च्या संपापर्यंत. नियम होता १९९१ चा: गिरणीच्या जमिनीतला एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. आता गिरणीत मोकळी जमीन असते किती हो? सगळ्या शेडच शेड! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. आणि गिरणी कामगार म्हणून वडिलांनी केलेला घराचा अर्ज? पडलाय फायलीत. आता सांगतात, शेलू नाहीतर वांगणीला घर घ्या. गिरणी शिवडीला, घर वांगणीला! ऐंशीच्या माणसाने कर्जत लोकल पकडायची.

गप्प बसायला हवं होतं, सल्ले देत होतो ना मी.

तर बाल्कनीतून सेल्सवाल्याने गोदीची गोदामं, पलीकडची दारूखाना वस्ती दाखवली. "ये सब जानेवाला है सर, व्ह्यू और खुलेगा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

अहो, माना काय डोलावता? दारूखान्यात जहाजं तोडणारी माणसं राहतात, त्यांची पोरं तिथे शाळेत जातात. ती माणसं 'जाणार' म्हणजे कुठे जाणार, एवढं तरी विचाराल की नाही? मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून बघता, नळ सोडून बघता, आणि हा एक प्रश्न तोंडातून निघत नाही? घर घ्या ना, नको कोण म्हणतंय! पण दुसऱ्याचं घर उठणार म्हणून खूश कसले होता?

हेच मी तिथे मोठ्याने बोललो. भाचा म्हणाला, "मामा, गप बस ना जरा." तो मोबाइलवर हप्ता मोजत होता.