बुंदीच्या क्रेटवरून आलेल्या कमेंटला उत्तर

ताई, तुमची कमेंट काल रात्री वाचली. राग आला म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही, आज सकाळी परत वाचली तर त्यातलं बरंचसं पटलं. तुम्ही लिहिलंय की मुक्या जिवाला पिंजऱ्यात कोंडायचं आणि वर त्याला ट्रेनिंग म्हणायचं हे पाप आहे, तुमच्या अंगणात चार कुत्री वाढली, एकालाही पिंजरा लागला नाही, आणि आता माझ्या बुंदी नावाच्या कुत्रीला क्रेटची, म्हणजे दार असलेल्या जाळीच्या पिंजऱ्याची, सवय कशी लावली हा माझा लेख वाचून तुमच्या भाच्याने हिंजवडीतल्या फ्लॅटवर क्रेट आणून ठेवलाय.

आधी माझी चूक सांगते. ऑफिसला जाताना पिल्लाला क्रेटमध्ये ठेवा असं मी लिहिलं आणि किती वेळ ते लिहिलंच नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला शू फार तर दोन-तीन तास धरता येते. जितके महिने त्यात एक मिळवायचा तितके तास, असा ढोबळ हिशोब करतात पण तीसुद्धा शेवटची मर्यादा झाली, रोज तेवढं ताणायचं नसतं. नऊ तास आत ठेवलं तर ते बिचारं आतच करणार आणि त्यातच बसणार, आणि मग झोपायची जागा घाण करायची नाही हा कुत्र्याचा जो मूळचा स्वभाव, ज्याच्या जोरावर हे सगळं शिकवणं चालतं, तोच मोडतो. त्यामुळे दिवसभर घराला कुलूप असेल तर नुसता क्रेट आणून काही होत नाही, मधे दोन-तीनदा कुणीतरी यायलाच हवं, शेजारच्या काकू म्हणा, डॉग वॉकर म्हणा. ते जमत नसेल तर पिल्लू आत्ता आणूच नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. आणि क्रेटशिवाय कुत्रं शिकतच नाही असंही माझं म्हणणं नाही, स्वीडन आणि फिनलंडमध्ये प्रवास वगैरे सोडला तर घरात कुत्र्याला असं बंद करून ठेवायला कायद्याने मनाई आहे, तिथलीही पिल्लं शिकतातच की.

पण अंगणाचं म्हणाल तर माझ्या आजोळीही कुत्री होती, रात्री मोकळी आणि दिवसभर ओसरीच्या खांबाला हातभर साखळीने बांधलेली, आणि त्याला कुणी क्रूरपणा म्हणत नव्हतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये दोन्ही आहे, नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आणि आखूड किंवा जड साखळीला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, तेसुद्धा त्यातच आलं. म्हणजे पिंजरा की साखळी यापेक्षा किती वेळ, केवढ्या जागेत आणि बाहेर कितीदा, हे बघायला हवं.

बुंदी आमच्या पार्किंगमधलीच, साधारण आठ आठवड्यांची असताना वर आणली. दुसऱ्याच दिवशी तिने फ्रीजची वायर तोंडात धरली, चालू फ्रीजची. मी दोन फुटांवर होते म्हणून वाचली. तिसऱ्या मजल्यावर अंगण नाही, लस पूर्ण झालेली नाही म्हणून पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने खाली सोसायटीत जमिनीवर सोडता येत नाही, मग मी आंघोळीला गेले तर ती कुठे राहणार? त्या दहा मिनिटांसाठी क्रेट आणला.

आणि तो कसा शिकवला ते लेखात मी दोन ओळींत उरकलं, ते इथे नीट सांगते. पहिले सहा दिवस दार लावलंच नाही, दोरीने मागे बांधून ठेवलं होतं, कारण ते आपोआप खटकन लागलं की पिल्लू दचकतं आणि परत आत जात नाही. जेवण आतच, आधी दाराशी मग रोज थोडं आत सरकवत, ती स्वतःहून झोपायला जायला लागली तेव्हा खाता खाता दहा सेकंद दार लावलं आणि तिचं खाणं संपायच्या आत उघडलं. मग अर्धा मिनिट, मग दोन. कधीही ढकलून आत घातली नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. रात्री क्रेट माझ्या पलंगाला लागून, हात खाली सोडला की जाळीतून तिला वास येईल असा, आणि एक वाजता आणि चार वाजता गजर लावून तिला बाल्कनीतल्या पेपरवर नेत होते, तीन आठवडे. रडू दे, आपोआप गप्प बसेल, असं बरेच जण सांगतात आणि ते ऐकलं की मला खरंच त्रास होतो, ते गप्प बसतं कारण कुणी येत नाही हे त्याला कळतं. रडलं की आधी शूला न्या.

काही कुत्र्यांना बंद जागा सहनच होत नाही. लाळ गळते, जाळी चावून दात तुटतात, नखांतून रक्त येतं. असं काही दिसलं तर सवय होईल म्हणत थांबू नका, क्रेट त्याच दिवशी काढून टाका आणि डॉक्टरांशी बोला.

आता बुंदी दीड वर्षाची आहे, क्रेटचं दार महिनोन्‌महिने लागलेलं नाही. ऑपरेशननंतर दहा दिवस उड्या मारू द्यायच्या नव्हत्या तेव्हा लावलं होतं. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती आपली आपण आत जाऊन बसते, तीन बाजूंनी जुनी सुती चादर टाकून ठेवते मी.

मूळ लेखातलं ते ऑफिसचं वाक्य काढलंय, तासांचा हिशोब घातलाय. भाच्याला एवढं सांगा की क्रेट बाल्कनीत ठेवू नको, मे महिन्यात तर नाहीच, पंख्याखाली ठेव. मोठ्या कुत्र्याच्या मापाचा आणला असेल तर मधे पार्टिशन टाक, पिल्लाला उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा हवी, नाहीतर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप सुरू होते. आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचा म्हणजे काढायचाच, तो जाळीत अडकून पिल्लाला फास बसतो, हे त्याला आजच फोन करून सांगा.