'उलटली तर बोट सोडा आणि पोहा' सांगणारा तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

'छोटी सेलबोट लाटांत सापडली? हे ७ नियम पाळा, जीव वाचवा' असा एक फॉरवर्ड गेला महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. इंदूरमध्ये सेलबोट असून असून कुणाकडे असणार, म्हणून कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाहीये. पण परवा ताईने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे बरोबर आहे ना गं?" फोटो बघून माझं डोकंच फिरलं. भाच्याने तो फॉरवर्ड प्रिंट काढून, लॅमिनेट करून बोटीच्या केबिनमध्ये दाराशेजारी चिकटवलाय, म्हणजे घाबरलेला माणूस सगळ्यात आधी वाचेल अशा जागी.

तर भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून १८ फुटी सेकंडहँड बोट घेतलीय, ट्रेलरवर मावणारी, खालचा सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी) दोरीने वर-खाली होणारी. इंदूरहून गाडीला ट्रेलर जोडून खंडव्याकडे इंदिरा सागरच्या बॅकवॉटरला नेतात. ज्यांना वाटतं धरण म्हणजे काय, मोठा तलाव, त्यांना सांगते की त्या पाण्याचा पसारा ९०० चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि मे-जूनमध्ये निमाडात आंधी सुटली की बघता बघता पाणी पांढरं होतं. तिथली लाट समुद्रासारखी लांब, डुलवणारी नसते. आखूड, उभी, एकीला लागून दुसरी, बोट एकीवरून नीट उतरत नाही तोच पुढची नाकावर आदळते. मी सेलिंग मुंबईत हार्बरमध्ये शिकले, आणि भरतीच्या उलट वारा असला की तिथेही हेच व्हायचं, म्हणून हे पाणी मला माहितीये.

फॉरवर्ड काय म्हणतो ते थोडक्यात. १) लाटा वाढल्या की सेंटरबोर्ड वर ओढा. २) शीड पूर्ण ठेवा, वेगाने लाट कापली जाते. ३) नाक जमेल तितकं वाऱ्यात ठेवा. ४) सगळ्यांनी पुढे बसा म्हणजे नाक उचललं जाणार नाही. ५) थांबायचं असेल तर मागच्या बाजूने नांगर टाका. ६) पोहता येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट काढून ठेवावं, ते उलट्या बोटीखाली अडकवतं. ७) बोट उलटली तर लगेच सोडा आणि किनाऱ्याकडे पोहा.

सातव्यापासूनच सुरू करते, कारण पहिल्या पाच चुकांमध्ये बोट उलटेल, भिजाल, सामान जाईल, पण सातव्याने आणि सहाव्याने माणूस जाईल.

उलटलेली छोटी बोट बहुतेक वेळा तरंगत राहते. फायबरच्या बऱ्याच बोटींमध्ये सीटखाली, नाकाशी फोम किंवा बंद हवेच्या पेट्या असतात त्या त्यासाठीच. म्हणजे तुमच्याकडे पाण्यात धरायला १८ फुटांची वस्तू आहे, लांबून दिसणारी, आणि हा शहाणा सांगतो ती सोडा. किनारा जवळ दिसतो तो बोटीत बसून. पाण्यात पडल्यावर तुमचं डोकं लाटांच्या खोबणीत असतं, किनारा दिसतच नाही, दर दुसऱ्या लाटेला तोंडात पाणी जातं, दम लागतो, आणि वारा किनाऱ्याकडून येत असेल तर तुम्ही पोहताय एकीकडे आणि सरकताय दुसरीकडे. स्विमिंग पूलमध्ये पन्नास फेऱ्या मारणारा माणूससुद्धा कपड्यांसकट चॉपी पाण्यात अर्ध्या किलोमीटरला गळपटतो. आणि शोधायला आलेल्या मोटरबोटवाल्याला उलटलेली बोट लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही, लाटा असताना तर पन्नास मीटरवरूनही नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा १९७९ च्या फास्टनेट रेसचा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या समुद्रातल्या शर्यतीचा आहे. ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात ३०३ बोटी निघाल्या, वादळात सापडल्या, १५ सेलर गेले. नंतर रेस घेणाऱ्यांनी रीतसर चौकशी करून अहवाल काढला आणि त्यातला एक आकडा आजही सेलिंग शिकवणारे तोंडपाठ सांगतात. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या बुडाल्या फक्त ५. बाकीच्या १९ नंतर परत मिळाल्या, माणसांशिवाय तरंगत होत्या. आणि मेलेल्यांपैकी काही जण बोट सोडून लाइफराफ्टमध्ये (फुगवायच्या तराफ्यात) गेल्यावर मेले. आता कुणी म्हणेल की त्या मोठ्या बोटी होत्या आणि तो समुद्र होता, इथे निमाडातलं धरण आहे. बरोबर आहे, पण लाइफराफ्टसुद्धा ज्यांना वाचवू शकला नाही त्यांच्यापेक्षा नुसते हात-पाय मारत निघालेल्याची अवस्था चांगली कशी असेल ते मला समजावून सांगा.

करायचं काय ते सोपं आहे. आधी डोकी मोजा, सगळे वर आहेत का. मग शीट, म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी, सोडून द्या म्हणजे शिडात वारा आणि पाणी अडणार नाही. हलकी डिंगी (केबिन नसलेली छोटी बोट) असेल तर एक जण सेंटरबोर्डवर उभा राहून मागे झुकला की ती सुलटी होते, १८ फुटी केबिनवालीला दोघं-तिघं लागतात आणि कधी कधी होतच नाही. नाही झाली तर तिच्या पाठीवर चढा, जितकं शरीर पाण्याबाहेर तितकं चांगलं, आणि बसून राहा. केबिनमध्ये कुणी असेल तर त्याला आधी बाहेर काढा. बोट सोडायची वेळ येतेच कधी तर ती खरंच बुडत असेल किंवा धरणाच्या दरवाज्यांकडे ओढली जात असेल तेव्हा, बाकी नाही.

आता सहावा, जॅकेटवाला. यात अर्धं खरं आहे आणि तेच धोकादायक आहे, कारण त्या अर्ध्यावर लोक विश्वास ठेवतात. हो, बोट तुमच्या डोक्यावर उलटली तर जॅकेट तुम्हाला वर दाबतं आणि बुडी मारून बाहेर यायला त्रास होतो. मान्य. पण कॉकपिटखाली (बसायच्या उघड्या जागेखाली) बहुतेक वेळा हवा राहिलेली असते, तिथे श्वास घ्यायचा, बोटीची कड हाताने चाचपायची आणि कडेला धरून स्वतःला खाली ओढून बाहेर काढायचं. उथळ पाण्यात एकदा सराव केला की जमतं. दुसरीकडे, जॅकेट नसलेल्या माणसाला बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यात लागली, तो बेशुद्ध पडला, तर त्याचं पोहणं कुठे गेलं?

आपल्याकडे तर हे सांगावं लागायलाच नको. १३ सप्टेंबर २०१९ ला भोपाळला खटलापुरा घाटावर गणपती विसर्जनाला गेलेली बोट उलटली, ११ जण गेले, घाट नजरेसमोर होता. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका. तोसुद्धा शहरातला तलाव, समुद्र नाही, आणि कितीतरी मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. यानंतरही कुणी 'जॅकेट काढून ठेवा' असं टाइप करतं आणि लोक हात जोडलेला इमोजी टाकून पुढे पाठवतात याचा मला खरंच संताप येतो.

पाचवा नांगराचा. हा दिसायला साधा आहे म्हणून कुणी थांबून विचार करत नाही. बोटीचं नाक लाट फाडायलाच बनवलेलं असतं, उंच आणि निमुळतं. मागची बाजू सपाट असते आणि मोटर लावायची म्हणून तिथे कड मुद्दाम खाली कापलेली असते. तिथेच मोटरचं वजन, तिथेच सगळे बसलेले. आता मागून नांगर टाकला की बोट लाटेकडे पाठ करून अडकते, मागची बाजू दोरीने खाली खेचली जाते, पहिली लाट कडेवरून आत येते, त्या पाण्याच्या वजनाने मागची बाजू आणखी खाली, दुसरी लाट आणखी सोपी. बादलीने पाणी उपसायला सुरुवात करेपर्यंत कॉकपिट भरलेलं असतं. नांगर नेहमी नाकावरून, आणि दोरी सढळ हाताने सोडायची, खराब हवेत खोलीच्या सातपट धरतात. म्हणजे पाच मीटर पाणी असेल तर पस्तीस मीटर दोरी, नांगराजवळ थोडी साखळी. दोरी आखूड राहिली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर जमीन सोडतो. आणि दोरीचं दुसरं टोक बोटीला बांधलंय ना ते नांगर टाकायच्या आधी बघायचं.

सेंटरबोर्ड वर ओढा म्हणे. कशाला? बोट लाटांवरून 'सरकेल' म्हणून. सरकेलच, आडवी सरकेल. तो बोर्ड पाण्यात आहे म्हणून शिडातल्या वाऱ्याचा आडवा जोर पुढे जायच्या कामी येतो. त्या जागी वजनदार स्विंग कील (वर-खाली फिरणारा जड बोर्ड) असेल तर ते वजन खाली असल्यामुळेच बोट कलल्यावर परत उभी राहते, ते वर घेतलं की तुम्ही स्वतःच्या हाताने तिला उलटायला सोपी केली. यातही एक कबूल करायला लागेल. वारा पाठीमागून असताना बोर्ड थोडा वर घेतात, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात घ्यावाच लागतो. इंदिरा सागरमध्ये तर जास्तच, २००४ मध्ये अख्खं हरसूद त्या पाण्याखाली गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुंधे न् भिंती कुठे वर येतील सांगता येत नाही. पण ते खालच्या अडथळ्यासाठी, लाटांसाठी नाही.

दुसरा आणि तिसरा एकत्रच घेते कारण दोन्ही एकमेकांचं वाटोळं करतात. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. दहा नॉट (वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) वाऱ्याला आरामात चालणारी बोट वीस नॉटला पूर्ण शिडावर इतकी कलते की सुकाणू अर्धं पाण्याबाहेर येतं, टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी ओढूनही बोट ऐकत नाही आणि स्वतःच वाऱ्यात वळते. म्हणून रीफ करायचं, म्हणजे मेनसेल (मुख्य शीड) खालून थोडं गुंडाळून छोटं करायचं, आणि ते लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की लगेच, सगळे घाबरल्यावर नाही. शीट सैल सोडायची, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) खुणेपर्यंत खाली, मेनसेलच्या पुढच्या कडेची कडी बूमच्या हुकात अडकवायची, हॅलयार्ड परत कडक, मग मागची रीफची दोरी खेचून बांधायची. हुकात कडी नीट बसलीय का ते बोटाने चाचपून बघायचं, कारण हलत्या बोटीत ती निसटते आणि शीड तिथूनच फाटतं.

वेग लागतो हे मात्र त्याचं खरं आहे. आखूड लाटा बोटीला थांबवतात आणि थांबलेल्या बोटीचं सुकाणू म्हणजे नुसती फळी. पण मग तिसऱ्या नियमात नाक वाऱ्यात कोंबायला का सांगतो हा माणूस? वाऱ्याच्या फार जवळ गेलं की शिडातला जोर जातो, दोन लाटा आदळल्या की बोट जागच्या जागी उभी, मग मागे वाहायला लागते. उलट दहा अंश खाली उतरायचं, म्हणजे नाक वाऱ्यापासून दूर वळवायचं, शीट दोन बोटं सैल, शिडाला थोडं पोट ठेवायचं म्हणजे ताकद मिळते. लाटेवर चढताना नाक किंचित वाऱ्याकडे, माथा आला की टिलर स्वतःकडे ओढून किंचित खाली, म्हणजे बोट धाडकन आपटण्याऐवजी लाटेच्या पाठीवरून उतरते. टॅक करायचा, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवायचं, तर जरा सपाट पाणी येईपर्यंत थांबा, सायकलने चढ चढताना आधी वेग घेतो तसाच इथेही घ्यायचा.

चौथा, सगळ्यांनी पुढे बसा. नको. नाक जड झालं की ते लाटेत घुसतं. वजन मधे, खाली, वाऱ्याच्या बाजूला. नाकातल्या कप्प्यात ठेवलेली बॅटरी, पाण्याचे कॅन, जास्तीचं सामान निघायच्या आधीच मधे आणा. बस, याच्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

ताईला मी फोनवर एवढंच म्हटलं की त्याला आधी तो कागद काढायला सांग. त्याच्या जागी मी चार ओळी लिहून दिल्यात: जॅकेट गाडीतून उतरतानाच घाला, तुरे दिसले की रीफ, नांगर नाकावरून, उलटली तर बोटीला धरून राहा. शनिवारी ते परत निघतायत. मी त्याला सांगितलंय की पाण्यात उतरायच्या आधी काठावर ट्रेलरवरच डोलकाठी उभी करा, आणि उभी करण्याआधी वर विजेची तार नाही ना ते मान वर करून बघा, मग तिघांनी आळीपाळीने रीफ करून दाखवा, तिसऱ्यालाही बोलता बोलता जमायला लागलं की बोट पाण्यात ढकला.