थंडी दोघांनाही सारखीच होती

सोव्हिएत संघाविरुद्धच्या 1939-40च्या हिवाळी युद्धात फिनलंड टिकला तो थंडीमुळे, असं तुमच्या लेखात म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही. थंडी दोन्ही फौजांना होती, तयारी फक्त एकीची होती. पूर्व फिनलंडमधल्या सुओमुस्सल्मीजवळच्या राटे रस्त्यावर सोव्हिएतांची 44वी डिव्हिजन एकाच अरुंद वाटेवर लांबच लांब रांगेत अडकली. दोन्हीकडे जंगल, रस्ता सोडला की खोल बर्फ. पांढरे कपडे घातलेले फिनिश सैनिक स्कीवरून आले, त्यांनी रांगेचे तुकडे पाडले आणि आळीपाळीने शेगडीच्या तंबूत ऊब घेत पुन्हा हल्ला चढवला. जानेवारी 1940च्या सुरुवातीला ती डिव्हिजन उद्ध्वस्त झाली. याला हवामानाची कृपा कसं म्हणायचं?

फेब्रुवारीत मात्र सीमेवरच्या कारेलियात सोव्हिएत तोफखान्यापुढे मॅनरहाइम रेषा, म्हणजे फिनलंडची संरक्षक तटबंदी, फुटली. फिनलंडकडे तोफगोळेच पुरेसे नव्हते, तिथे शौर्य किती पुरणार! मार्चच्या तहात व्हीपुरी शहर सोव्हिएतांकडे गेलं आणि 4 लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली. सोव्हिएत अमलाखाली राहायला जवळपास कुणीच तयार झालं नाही. या माणसांबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं. त्यांच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.