‘तुमच्या देशात चालत असेल’

साताऱ्यातल्या आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय तापलाय. अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर, चार भिंती स्मारकाच्या जरा वर, एक मोकाट कुत्रं पहाटे एका पळणाऱ्याच्या मागं लागलं आणि तो पडला. गुडघे सोलले, इंजेक्शनं घ्यावी लागली. त्यावरून एका काकांनी मसुदा टाकला की गडावर आणि यवतेश्वरच्या बाजूला पाळीव कुत्री आणायला बंदी घाला, तसं निवेदन नगरपालिकेला देऊ. खाली पटापट अंगठे उमटले.

मी इथून, नॉर्वेतल्या ओस्लोहून लिहिलं, मागं लागलं ते मोकाट कुत्रं, मग बंदी पट्ट्यातल्या कुत्र्यावर का? त्यावर उत्तर आलं, ‘ताई, तुमच्या देशात चालत असेल. इथं ही फॅडं नकोत.’

फॅड हा शब्द आधी घेते. दिवाळीनंतर माण-खटावातले धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात, तेव्हा पुढं-मागं कुत्री असतात. थंडीच्या रात्री उघड्या रानात कळप राखायचा तर कुत्र्याशिवाय जमत नाही. पालच्या खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला ती दाखवली होती. ज्या गावाच्या राजानं कुत्र्याची समाधी बांधली, त्या गावात कुत्र्यासोबत डोंगर चढणं बाहेरून आलं म्हणायचं? बाहेरून काही आलंच असेल तर ते आपलं हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात ते होतं, त्या दिवशी सगळं गाव कौतुकानं रस्त्यावर उभं असतं, आणि मलाही त्याचा अभिमान आहे.

आता ‘तुमच्या देशात’. ओस्लोत माझ्याकडे राणी नावाची कुत्री आहे, करडी एल्कहाऊंड. ही जात मूळची शिकारीची. हरणाचा वास आला की तिला मी दिसत नाही, म्हणून ती पळताना कायम माझ्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेली असते. इथे १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रं मोकळं सोडायला कायद्यानं मनाई आहे, कारण रानात पिल्लं असतात, जमिनीवर घरटी असतात. एरवी सोडता येतं, पण मालकाच्या ताब्यात राहिलं पाहिजे, आणि त्यानं नुकसान केलं तर भरपाई मालकाची. हिवाळ्यात मी मेट्रोनं सोंग्सवान तळ्याशी उतरते, बुटांना खिळे चढवते, तिच्या पंजांना मेण लावते आणि जंगलातल्या उल्लेवोलसेतरपर्यंत चढून येते. बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकले की ती थांबते, मी हातमोजा काढून ते वितळवते. स्कीच्या खाचा तुडवायच्या नाहीत, ती शिस्त दोघींना. समोरून कुणी आलं की मी पट्टा आखडून बाजूला होते. विष्ठा पिशवीत घालून खाली न्यायची. एवढंच आहे. याला श्रीमंत देश लागत नाही. पट्टा, लस आणि पिशवी साताऱ्यात पोवई नाक्यावरसुद्धा मिळते.

काकांचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. इथे मोकाट कुत्री नाहीत, रेबीजची धास्ती नाही, आणि साताऱ्यात दोन्ही आहे. त्यावरचा उपाय केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत लिहिलेला आहे: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथं सोडा. हे काम वर्षानुवर्षं नेटानं करावं लागतं, म्हणून कुणाला नको असतं. बंदीची पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. बिबट्याचं म्हणाल, तर तो आपल्या डोंगरात आहेच आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य आहे. म्हणून अंधारात एकट्यानं जाऊ नका, कुत्रं हातभर अंतरावर ठेवा. आणि कासला फुलांच्या दिवसांत कुत्रं नेऊच नये. तिथं बंदी घाला, पहिली सही माझी.

मला हे एवढं का लागलंय, ते माझ्या भाचीमुळे. ती शनिवार पेठेत राहते, तिनं एक गावठी कुत्री वाढवलीय, लसी वेळच्या वेळी. डिसेंबरात पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढायचा तर सोबत कोण, हा प्रश्न मला तिच्या वयात होता. मी कधीच एकटी गेले नाही, भाऊ उठला तरच जायचं. ती जाते, कारण कुत्री सोबत असते. ओस्लोत दुपारी साडेतीनला अंधार पडल्यावर मी डोक्याला दिवा लावून एकटी जंगलात शिरते, आणि पाठीमागं पावलं वाजली तर माझ्याआधी राणीचे कान वळतात. हा मोकळेपणा मला चाळिशीत, जवळजवळ सात हजार किलोमीटरांवर येऊन मिळाला. भाचीला तो घराच्या मागच्या डोंगरावर मिळालाय, आणि तुम्ही तो एका निवेदनानं काढून घ्यायला निघालात.

‘तुमच्या देशात’ हे कागदावर खरं आहे. माझा पासपोर्ट आता इथला, भारतात येते ती परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डावर. पण इथे मी ‘आमच्या देशात’ म्हणाले, तर समोरचा विचारतो, म्हणजे भारतात ना? शेजारपाजारच्यांना पहिली काही वर्षं राणीचं नाव माहीत होतं, माझं नव्हतं. बर्फातून चालताना मी तिच्याशी मराठीत बोलते. दिवसभरात माझं मराठी ऐकणारी ती एकटीच. तिला एकदा अजिंक्यताऱ्यावर न्यावं, वरून आपलं गाव दाखवावं, असं फार वाटतं. नेणार नाही. विमानाचा प्रवास, परतताना रेबीजची रक्ततपासणी, आणि साताऱ्याची डिसेंबरातली दुपारसुद्धा तिच्या कातडीला सोसायची नाही. म्हणजे या नियमानं माझं स्वतःचं काहीच अडणार नाही, आणि तरी मी रात्री जागून ग्रुपवर भांडतेय. ज्या वाटेवर माझं काही अडत नाही ती वाट माझी नाही, असं मला कबूल करता येत नाही.

मसुदा मी बदलून पाठवलाय. पट्टा सक्तीचा, लसीचा दाखला जवळ, घाण उचलली नाही तर दंड, आणि मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची मागणी सगळ्यात वर. माझी सही बाहेरची म्हणून चालत नसेल तर खोडा. भाचीची घ्या, ती रोज चढते.